भुतांचा चित्रपट आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार माणसांत उभे राहून बोलण्याची सवय नाही, तेव्हा काही चुकले तर पोटात घालावे. कशावर बोलणार, असे अध्यक्षाबाईंनी विचारले तेव्हा मी म्हटले, "भुतांच्या चित्रपटावर." त्या हसल्या. तुम्हीही हसाल, पण शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.

गेल्या आषाढात आम्ही सहा-सात जणींनी माझ्या घरी टीव्हीवर 'डरना मना है' हा चित्रपट पाहिला. हिंदी, 2003 सालचा, प्रवाल रामन यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात एक सलग कथा नाही, सहा निरनिराळ्या लहान गोष्टी आहेत. रात्री रानात मोटार बंद पडते, बरोबरची मित्रमंडळी एका ओसाड घरात आसरा घेतात आणि वेळ जावा म्हणून एकेक भीतीची गोष्ट सांगू लागतात.

एका गोष्टीत आपले नाना पाटेकर रात्रीच्या वेळी मोटारीत लिफ्ट घेतात, आणि भूत कोण व माणूस कोण याचाच घोळ होतो. दुसरीत शिल्पा शेट्टी आपल्यासारखीच गृहिणी आहे. ती एका विचित्र फळवाल्याकडून स्वस्तात सफरचंदे आणते, आणि ती खाणारी माणसे स्वतःच सफरचंदे होऊन बसतात! पुढच्या बाजारात सफरचंदे स्वस्त लागलेली पाहून आमच्यातल्या एका मैत्रिणीने पुढे केलेली पिशवी मागे घेतली. नाव सांगत नाही, त्या समोरच बसल्या आहेत.

ही तऱ्हा काही नवी नव्हे. राजा विक्रमाच्या खांद्यावर बसून वेताळ गोष्टीमागून गोष्ट सांगतो, ती 'वेताळ पंचविशी' आपल्या ओळखीची आहे. सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' रचला, त्यातही या गोष्टी आहेत. 1985 साली त्या दूरदर्शनवर आल्या. इंग्लंडात 1945 साली 'डेड ऑफ नाइट' आणि जपानात 1964 साली चार गोष्टींचा 'क्वायदान' असे चित्रपट निघाले. म्हणजे अशा गोष्टी एकापाठोपाठ एक ऐकण्याची हौस सगळ्या जगाला आहे.

आपणही लहानपणी तेच करत होतो. लाइट गेली की गल्लीतली सगळी पोरे ओट्यावर जमत. एकाचा पिंपळावरचा मुंजा झाला की दुसऱ्याची उलट्या पायांची हडळ येई. मग एकमेकांचा हात धरून घरी जायचे. चित्रपट संपल्यावर त्या रात्री आम्हीही तशाच एकमेकींना दारापर्यंत पोचवीत गेलो. अशी भीती मिळून घेतली की तिची गंमत वाटते, आणि सकाळी ती उरत नाही.

पण आमच्या ओट्यावर आणखी एक गोष्ट सांगितली जाई, ती आज सांगितल्यावाचून राहवत नाही. माहेरच्या गल्लीत एक आजी होत्या. विधवा, मूलबाळ नाही, म्हैस पाळून राहत. "त्या करणी करतात, त्यांची नजर लागते," अशी ती गोष्ट. ती सांगणाऱ्यांत मीही होते. कुणाचे मूल तापाने फणफणले की बोट त्यांच्या दाराकडे जाई. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणे नसे. एकदा त्यांनी माझ्या हातावर मूठभर बोरे ठेवली; मी ती वळणावर जाऊन गटारात टाकली. मागे पाहिले तर त्या दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आज त्या हयात नाहीत. माफी मागायची राहून गेली.

भगिनींनो, त्यांचा दोष एवढाच, की त्या एकट्या होत्या. आमच्या गल्लीत निदान कुणी हात उचलला नाही. पण आपल्याच खानदेशात, सातपुड्याच्या भागात, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो त्याच वर्षी झाला. करणी करते असा आळ घेऊन कुणाला छळले, तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हे आपल्या घरातल्या मुलांनाही माहीत असावे.

भुतांचे चित्रपट जरूर पाहा. मुलांना मुंजाची गोष्ट सांगा, आणि शेवटी ती गोष्ट आहे हेही सांगा. फक्त त्या गोष्टीत आपल्या शेजारच्या कुणा बाईचे नाव येऊ देऊ नका.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे बोलावणे गल्लीतल्या प्रत्येक दारी जावे. विधवा, एकटी असा भेद न करता. माझ्या गल्लीतली बोलावणी मी स्वतः करीन.