जुन्या ट्रकची नवी चेन



पुण्याकडून मावळांतून लोणावळ्यास जाणारा रस्ता तळेगांव, वडगांव, कामशेत असा हलक्या चढानें जातो. खंडाळ्यापलीकडे मात्र तो बोरघाटांतून एकदम खोपोलीकडे उतरतो. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें २००० फूट उंच असल्यामुळें कोंकणांतून भार घेऊन वर येणाऱ्या वाहनास हा चढ चुकत नाहीं. १८३० सालीं गाड्यांना खुला झालेला हा घाट इंजिनाचा कठोर परीक्षक आहे. दुरुस्तींत राहिलेली जी चूक कामशेतच्या रस्त्यावर लपून राहते, ती येथें उघडी पडते.

जुन्या पेट्रोल ट्रकची टायमिंग चेन बदलल्यावर असेंच घडतें. उदाहरणार्थ, वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेला सहा सिलिंडरांचा फार्गो घ्या. क्रँकचे दोन फेरे झाले कीं झडपा उघडणाऱ्या कॅमचा एक फेरा व्हावा, हें प्रमाण चेन राखते. डिस्ट्रिब्युटरही कॅमच्याच गतीनें फिरतो. चेन झिजून सैल झाली कीं कॅम मागें रेंगाळतो व ठिणगीही उशिरा पडते. मग मिस्त्री डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून ती वेळेवर आणतो. पुढें नवी चेन बसते, कॅम आपल्या जागीं येतो. परंतु डिस्ट्रिब्युटरची ती जुनी तडजोड तशीच राहते. आतां ठिणगी वेळेआधीं पडूं लागते. रिकामा ट्रक सपाटीवर छान धांवतो. भरलेला ट्रक घाट चढूं लागला कीं इंजिन खटखटतें, तापतें, आणि दोष मात्र पेट्रोलला दिला जातो.

येथें तर्कापेक्षां क्रम महत्त्वाचा. प्रथम बॅटरीची तार सोडावी, प्लग काढावे, आणि इंजिन त्याच्या नेहमींच्या दिशेनेंच हातानें फिरवावें. उलट फिरविल्यास चेनची ढिलाई फसविते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोंकावर अंगठा ठेवला असतां हवा जोरानें बाहेर रेटली जाऊं लागली, म्हणजे पिस्टन हवा दाबीत वर येत आहे असें समजावें. पुलीवरील खूण कांट्याशीं जुळतांच थांबावें. त्या वेळीं रोटरचें तोंड पहिल्या प्लगच्या तारेकडे हवें. तें नेमकें विरुद्ध बाजूस असेल, तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्यानें चुकीचा बसला आहे. कारण पहिला व सहावा पिस्टन बरोबरच वर येतात, आणि केवळ खुणेवरून पाळी कोणाची तें कळत नाहीं.

रोटर ठीक असूनही ट्रकला जोर नसेल, कार्बोरेटरांतून भडका येत असेल, तर चेनचें झांकण उघडावें. दोन्ही दंतचक्रांवरील खुणा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदां परस्परांसमोर आल्या पाहिजेत. तेथें एका दांत्याचाही फरक असल्यास डिस्ट्रिब्युटर कितीही फिरविला तरी ठिणगी सुधारेल, झडपा सुधारणार नाहींत. खुणा व रोटर जुळल्यावरच, शेवटीं, कारखान्याच्या पुस्तिकेप्रमाणें ठिणगीची वेळ लावावी.

आज घाटांतून जाणारे ट्रक बहुतेक डिझेलचे, आणि डिझेलला ठिणगी लागत नाहीं. तरी जुना पेट्रोल ट्रक हौसेनें जपणाऱ्यांस हा क्रम उपयोगी पडेल. चढावर बंद पडलेला भरलेला ट्रक मालकाच्या खिशास जेवढा भारी, त्याहून मागून येणाऱ्यांच्या जिवास अधिक भारी. म्हणून इंजिन चालू झालें एवढ्यावर दुरुस्ती पुरी झाली असें समजूं नये. खुणा जुळल्या, म्हणजेच ती पुरी झाली.