विषय : इंटरनेट बंद असल्याबाबत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'शाळेचा पुढे काय उपयोग झाला' यावर पाच मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. मी इंटरनेट कंपनीशी झालेल्या भांडणाबद्दल बोलणार आहे. हसू नका, विषय एकच आहे.

माझी आई ८२ वर्षांची. साताऱ्याजवळ गावी एकटी राहते. जाड भिंतींच्या घरात मोबाइलला रेंज जेमतेम. बोलणं होतं, चित्र येत नाही. म्हणून केबल आणि इंटरनेट अशी एकत्र जोडणी घेऊन दिली. रोज रात्री आठला जर्मनीतली नात टॅबवर दिसते. आई त्यासाठी साडी बदलून बसते.

गेल्या वर्षी गटारासाठी जेसीबीने रस्ता खणला आणि टीव्ही, इंटरनेट दोन्ही बंद पडलं. मी पुण्याहून कंपनीला फोन लावला. "राउटर बंद करून चालू करा." आईने केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर. शेजारच्या मुलाने फोटो पाठवला : यंत्रावर 'एलओएस'चा लाल दिवा. म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर कुठेतरी तुटलीय. मग राउटर शंभरदा चालू करून काय होणार? तरी दोन-दोन दिवसांनी मेसेज यायचा, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.'

मी फोनवरच्या मुलीला नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, "सर, माझ्यासमोर जे दिसतं तेवढंच मी सांगू शकते."

बाराव्या दिवशी आईने विचारलं, "पोरीचं माझ्याशी काही बिनसलंय का रे?" वायर तुटल्याचं मी पुन्हा सांगितलं. म्हणाली, "मी आठला बसतेच आहे रोज. लागलं आणि मी तिथं नसले तर?"

त्या रात्री मला मराठीच्या बाई आठवल्या. नववीत माझ्या तक्रार अर्जाला त्यांनी पाचपैकी दोन गुण दिले होते. शेरा होता : 'राग जास्त, माहिती कमी.'

उठलो, कागद घेतला. 'महोदय' लिहिलं. खाली तारखा, प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक, लाल दिव्याचा फोटो, रस्ता खणल्याची जागा. विशेषण एकही नाही. ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येतं. तिकडे तो अर्ज पाठवला.

तिसऱ्या दिवशी वायर जोडणारा मुलगा आला. त्याच्याकडच्या नोंदीत फक्त 'राउटर' एवढंच लिहिलेलं. वायर तुटल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तासात जोड देऊन, आईच्या हातचा चहा पिऊन गेला. रात्री आठला नात दिसली.

मित्रांनो, डॉकेट क्रमांक वहीत लिहून ठेवा. कंपनी ऐकेना तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. आणि फोनवरच्या मुलांवर ओरडू नका. त्या मुलीची माफी मागायची माझी राहून गेली; तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. अर्जाची प्रत आणलीय. जमलं तर गुण वाढवून द्या.