ऐकते कोण?

मी नागपूरच्या सक्करदऱ्यात राहतो आणि पत्रकारिता शिकवतो. आमच्या चौकातला पानठेलेवाला परवा म्हणाला, "सर, तुमी रेडिओवर बोल्ता ते ठीक. पण आयकते कोण?"

उत्तर शोधायला थोडं मागे जातो. आपल्या नागपूरला आकाशवाणी केंद्र आलं 16 जुलै 1948 ला. 1952 मध्ये हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग निघाला, अमेरिकेहून आलेल्या रोलंड वूल्सली यांच्या हातून. म्हणजे दोघंही जुने शेजारी. तरी आम्ही मास्तर लोक केंद्रावर येतो ते बहुतेक असं माइकपुढे बसायलाच.

1956 साली मात्र मुंबई राज्यात उलटं घडलं: प्रसारक आणि प्राध्यापक ऐकणाऱ्यांकडे गेले. कल्पना कॅनडाची, मदत युनेस्कोची आणि आवाज आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळं बसली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, अडलेले प्रश्न पुण्याला कळवायचे. उत्तरं पुन्हा रेडिओवरून यायची. (नागपूर त्यात नव्हतं. आपण तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतो!)

याची पारख करायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. तिथे मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ पाहुणे प्राध्यापक होते. त्यांची माणसं गावात गेली, कार्यक्रमांआधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारले. शिवाय मंडळं नसलेली गावंही तुलनेला घेतली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाहीतर कार्यक्रम छान झाला, असं आपणच आपल्याला सांगतो.

निष्कर्ष असा, की मंडळांच्या गावांत माहिती चांगलीच वाढली, नुसता रेडिओ असलेली गावं मागे राहिली. मंडळं गावाचे निर्णयही घेऊ लागली. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथूर आणि न्यूरथ या दोघांच्या नावाने 1959 मध्ये युनेस्कोने तो अहवाल छापला. प्रसारक आणि प्राध्यापक एकाच मुखपृष्ठावर! त्याच वर्षी योजना देशभर नेली.

पुढे मंडळं विरली. प्राध्यापक स्टुडिओत येत राहिले. ओसरीवर बसून ऐकणाऱ्याला विचारणारे कमी झाले. त्यात मीही आलोच.

हे सगळं मी पानठेल्यावर सांगितलं. तो चुना लावता लावता म्हणाला, "मंग आमालेही विचारून पाहा न, सर."