बँकेच्या लिलावातलं घर: बोली लावण्याआधी



कर्ज थकलं की बँक तारण असलेलं घर ताब्यात घेते आणि लिलावात काढते. सरकारी बँकांच्या अशा जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, ‘बँकनेट’ या पोर्टलवरही दिसतात. भाव पाहून अनेकांचा पहिला प्रश्न असतो, “बँकेशी बोलून आणखी काही कमी होईल का?”

लिलावात घासाघीस नसते. सरफेसी कायद्याखालच्या या विक्रीत बँक आधी राखीव किंमत ठरवते. बोली तिथून वरच चढते, तीही ठरलेल्या टप्प्यांनी. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली तर बहुतेक ठिकाणी वेळ आपोआप पुढे सरकते, त्यामुळे अखेरच्या क्षणी बाजी मारण्याचा बेत सहसा फसतो. राखीव किमतीखाली विक्री करायची, तर कर्जदार आणि बँक दोघांचीही संमती लागते. गिऱ्हाईक मिळालंच नाही, तर बँक बहुधा किंमत उतरवून तीच मालमत्ता पुन्हा लिलावात आणते. घाई नसलेल्यांनी अशा फेरलिलावावर जरूर लक्ष ठेवावं.

आता पैशांचं वेळापत्रक नीट ऐका, कारण लोक फसतात ते इथे. समजा, राखीव किंमत 40 लाख आहे. बोली लावण्यासाठी साधारण दहा टक्के, म्हणजे 4 लाख, अनामत भरावी लागते. तुमची 44 लाखांची बोली सर्वांत वरची ठरली, की त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी 25 टक्के, म्हणजे 11 लाख पूर्ण झाले पाहिजेत. अनामत वजा जाता 7 लाख लगेच हातात हवेत. उरलेले 33 लाख विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तरी ती तीन महिन्यांपलीकडे जात नाही. पैसे चुकले तर भरलेली रक्कम जप्त होते, आणि 25 टक्के संपूर्ण जप्त करणं योग्यच असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला आहे. म्हणून गृहकर्ज घेणार असाल तर त्याची मंजुरी बोलीच्या आधी हातात हवी. “नंतर बघू” इथे चालत नाही.

जाहिरातीतला ‘ताबा’ हा शब्द शोधा. ‘सांकेतिक ताबा’ लिहिलं असेल, तर घरात अजून कुणीतरी राहत असण्याची शक्यता आहे, आणि त्यांना बाहेर काढण्यात महिने जाऊ शकतात. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांनी अशा मालमत्तेच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘प्रत्यक्ष ताबा’ असेल तरच पुढे जा.

‘जसं आहे, जिथे आहे’ ही अटही हलकी समजू नका. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल यांची चौकशी तुम्हीच करायची. सोसायटीच्या सचिवांना जाऊन भेटा, घर आतून पाहण्याचा दिवस बँकेकडून ठरवून घ्या, कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा चालू आहे का हे वकिलाकडून तपासून घ्या. हे सगळे खर्च आणि मुद्रांक शुल्क धरून तुमची कमाल बोली आधीच कागदावर लिहा. समोरचा त्यापुढे गेला, तर घर त्याला जाऊ द्या.