तपासणीचीही तपासणी हवी : एका अणुवीज केंद्राचा धडा

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मुख्य भाग)

तपासणी हा शब्द आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. शाळेची तपासणी होते, दप्तराची होते, पाझर तलावाच्या कामाची होते. तपासणी झाली, शेरा पडला, की काम पुरे झाले असे आपण समजतो. परंतु जी तपासणी झाली तिच्यात दोष दिसू शकला असता काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अणुवीज केंद्रांच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. त्याचे बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. ते आज आपणापुढे ठेवावयाचे आहे.

ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी डेव्हिस-बेसी नावाचे अणुवीज केंद्र आहे. तेथील अणुभट्टीचे इंधन एका जाड पोलादी दाबपात्रात असते. आत पाणी खेळते आणि त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट असतो. अणुक्रियेवर ताबा ठेवण्यासाठी या पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेले असते. पात्राच्या झाकणाची जाडी सुमारे १७ सेंटिमीटर असून त्यातून ६९ नळ्या आरपार गेलेल्या आहेत. नियंत्रण-दांडे या नळ्यांतूनच वरखाली होतात.

लपून राहिलेला गंज

मार्च २००२ मध्ये, केंद्र बंद असताना, एका नळीच्या दुरुस्तीचे काम चालले होते. त्या वेळी नळीलगतचे झाकणाचे पोलाद गंजून नाहीसे झाल्याचे आढळले. हाताचा पंजा मावेल एवढी पोकळी तेथे पडली होती. झाकणाची जाडी त्या जागी संपली होती आणि आतील बाजूचे, एक सेंटिमीटरहूनही पातळ असे अगंज पोलादाचे अस्तर तेवढे उरले होते. एवढा प्रचंड दाब ते पातळ अस्तर पेलीत होते. हे अस्तर दाब पेलण्यासाठी घातलेलेच नव्हते. गंजापासून बचाव एवढेच त्याचे काम होते. सुदैवाने ते फुटले नाही.

हे घडले कसे? नळ्यांना सूक्ष्म तडे गेले होते. तीन नळ्यांचे तडे आरपार होते. त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातील बोरिक आम्ल झाकणावर साचत गेले आणि पोलाद खात राहिले. हे काम काही वर्षे चालले होते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या काळात केंद्रात तपासण्या होत नव्हत्या असे नाही. ठरलेल्या मुदतीत त्या होत होत्या. परंतु झाकणाभोवतीच्या आच्छादनातील झडत्या इतक्या लहान होत्या की माथ्यावरचा भाग नीट दिसतच नसे. मोठ्या झडत्या पाडण्याचा प्रस्ताव १९९० पासून होता आणि तो वारंवार पुढे ढकलला गेला. २००० मध्ये झाकणावर तांबूस क्षारांचे थर दिसले. हवेतील किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रांच्या गाळण्या तांबूस धुळीने तुंबू लागल्या आणि त्या पूर्वीपेक्षा फार लवकर बदलाव्या लागू लागल्या. गाळणी बदलली जाई. ती का तुंबते याचा शोध मात्र शेवटास गेला नाही. लक्षणावर इलाज झाला, रोग तसाच राहिला.

नियामकाची जबाबदारी

केवळ संचालक कंपनीला दोष देऊन हे प्रकरण संपत नाही. नळ्यांना तडे जातात हे १९९१ मध्ये फ्रान्समधील ब्युजे येथे दिसून आले होते. बोरिक आम्लाने पोलाद गंजते, याविषयी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १९८८ मध्येच सर्व केंद्रांना पत्र धाडले होते. २००१ च्या आरंभी दक्षिण कॅरोलायनातील ओकोनी केंद्रात अधिक धोकादायक तडे सापडले. तेव्हा ऑगस्ट २००१ मध्ये आयोगाने परिपत्रक काढले आणि ज्या केंद्रांत असे तडे संभवतात त्यांनी ३१ डिसेंबरपूर्वी तपासणी करावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. डेव्हिस-बेसीच्या कंपनीने मुदत वाढवून मागितली. मधेच केंद्र बंद करणे म्हणजे विजेचे उत्पन्न बुडणे. आयोगाने १६ फेब्रुवारी २००२ पर्यंत सवलत दिली. आयोगाच्याच महानिरीक्षकांनी पुढे असा निष्कर्ष नोंदविला की, कंपनीवरील आर्थिक भार हलका करण्याच्या इच्छेचा या निर्णयात मोठा वाटा होता.

बंधुभगिनींनो, कोणत्याही तपासनिसाला मोह पडतो तो येथेच. उत्पादन थांबू नये ही इच्छा वाईट नाही. पण सुरक्षिततेची तारीख उत्पादनाच्या सोयीने ठरू लागली, की नियमनाचा अर्थच उरत नाही.

सुधारणेचा मार्ग

या घटनेनंतर आयोगाने स्वतःच्या कारभाराची चौकशी केली, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य होय. इतर केंद्रांत आलेल्या अनुभवांचा पाठपुरावा कंपनीने, उद्योगाने आणि खुद्द आयोगानेही पुरेसा केला नाही, असे त्याच्या अभ्यासगटाने २००२ मध्ये स्पष्टपणे मांडले. फेब्रुवारी २००३ मध्ये आयोगाने आदेश काढला : आच्छादनामागील उघडे पोलाद डोळ्यांनी पाहिले पाहिजे, नळ्या श्राव्यातीत ध्वनिलहरींसारख्या साधनांनी तपासल्या पाहिजेत, आणि झाकण किती काळ किती तापमानात वापरले गेले, त्यावरून तपासणीचे अंतर ठरले पाहिजे. पुढे २००८ मध्ये अशा तपासण्यांना नियमावलीत कायमचे स्थान मिळाले. डेव्हिस-बेसी केंद्र दोन वर्षे बंद राहिले, त्याचे झाकण बदलले गेले आणि २००५ मध्ये कंपनीस ५४ लाख ५० हजार डॉलर दंड ठोठावण्यात आला.

आपल्याकडील संदर्भ

आपल्या राज्यात तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तेथील पहिल्या दोन भट्ट्यांची रचना डेव्हिस-बेसीहून वेगळी आहे. परंतु पोलाद जुने होते, तडे जातात, हा निसर्गाचा न्याय सर्वत्र सारखाच. या दोन संचांच्या सुरक्षिततेचा सविस्तर फेरविचार झाल्यावर २००५-०६ मध्ये ते काही महिने बंद ठेवून त्यांत सुधारणा करण्यात आल्या. शेजारच्या गुजरातेत काक्रापार येथे ११ मार्च २०१६ रोजी एका शीतक नलिकेतून जड पाण्याची गळती झाली. नंतरच्या तपासणीत नलिकेच्या बाहेरील पृष्ठभागावर अनपेक्षित क्षरण आढळले. जेथे दोष अपेक्षित नाही तेथेही पाहावे लागते, हाच याचा बोध.

देशात १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. २०१२ मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या मंडळाच्या कामाचे परीक्षण केले. मंडळाला पुरेसे कायदेशीर स्वातंत्र्य नसल्याचे आणि औद्योगिक रेडिओग्राफी व किरणोपचार केंद्रांच्या बहुसंख्य तपासण्या झाल्या नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. तपासणाऱ्याचीही तपासणी व्हावी लागते ती अशी.

आपल्यापैकी फार थोड्यांचा अणुभट्टीशी संबंध येईल. परंतु शाळेच्या छपराची, विहिरीच्या पाण्याची, साकवाच्या खांबांची तपासणी आपल्याच सहीने पुरी होत असते. सही करण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःस विचारावेत. जे पाहावयाचे ते खरोखरच दिसले काय? पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या लक्षणाचे कारण शोधले काय? इतरत्र घडलेल्या प्रकाराची दखल घेतली काय? आणि मुदत कोणाच्या सोयीसाठी वाढविली? या प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत उतरली, तरच त्या नोंदवहीवर लोकांनी विसंबावे. लोकांचा हा विश्वास जपणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.