बँकेतला पैसा आणि बराखीतला कांदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पुढे सारा जन्म संसारात गेला. मी बँकेवर बोलणार हे ऐकून घरची मंडळी हसली. पण या विषयातले शहाणपण मला ठेच लागून आले आहे. ती ठेचच आधी सांगते.

2019 साली नवरात्र तोंडावर आले होते. 23 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खात्यातून फक्त हजार रुपये काढता येतील, असा पहिला हुकूम होता. टीव्हीवर रडणाऱ्या बायका पाहून माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात आळीत आवई उठली की आता आपलीही बँक जाणार. मी कोणाला विचारले नाही. लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली, व्याज गमावले, आणि जास्त व्याज देणाऱ्या एका पतसंस्थेत रक्कम नेऊन ठेवली. ती आवई खोटी होती. आमची बँक आजही उघडी आहे. पतसंस्थेचे दार मात्र दोन वर्षांत बंद झाले. तिचे नाव मी घेत नाही. निम्मे पैसेही हाती आले नाहीत. लेकीच्या फीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या.

तेव्हापासून मी विचारू लागले की बँकेत ठेवलेला आपला पैसा असतो तरी कुठे? मला वाटे, तिजोरीत आपल्या नावाचे गाठोडे असेल. तसे नसते बायांनो. शंभर रुपये ठेव आली, की थोडी रोकड रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागते. 2025 च्या अखेरीस हे प्रमाण शंभरास तीन रुपये झाले. आणखी अठराएक रुपये सरकारी कर्जरोखे वगैरे लगेच मोडता येण्याजोग्या वस्तूंत ठेवायचे. उरलेला बराचसा पैसा कर्जाऊ जातो. कोणी घर बांधतो, कोणी चाकणला कारखान्यापुढे टेंपो लावतो. तो पैसा हप्त्याहप्त्याने परत येतो, आज मागितला तर आज येत नाही.

आपल्याकडच्या कांद्याचेच पाहा. बराखीत शंभर पिशव्या उत्तम कांदा आहे. घरधनी गरीब नाही. पण रात्री दवाखान्याला पैसे लागले तर कांदा खिशात घालून नेता येत नाही. सगळा माल एकाच दिवशी चाकणच्या बाजारात ओतला तर भाव पडतो आणि चांगला माल मातीमोल जातो. चांगल्या बँकेचीही सारे ठेवीदार एका सकाळी दारात आले की हीच गत होते. अशा वेळी रिझर्व्ह बँक थोरल्या जावेसारखी पुढे येते. कर्जरोखे गहाण ठेवून घेते आणि रोकड देते. गर्दी ओसरली की बँक ते फेडते.

1935 साली स्थापन झालेल्या या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख होते. मार्च 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत तिने बँकांनी तिच्याकडे ठेवायची रोकड शंभरास चारवरून तीन रुपये केली. तेवढ्याने देशभरच्या बँकांच्या हाती सुमारे 1 लाख 37 हजार कोटी रुपये मोकळे झाले. त्याच महिन्यात येस बँकेवर 5 तारखेला पन्नास हजारांची मर्यादा आली. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातले, लागेल तेवढी रोकड देऊ असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, आणि 18 तारखेला मर्यादा उठली.

मग मुंबईच्या त्या बँकेला उसने का दिले नाही? कारण तिथे बराखीतला कांदाच सडला होता. बहुतेक कर्ज एका बांधकाम कंपनीच्या गोटात गेले होते, आणि ते लपवायला हजारो खोटी खाती दाखवली होती. सडक्या मालावर कोण उसने देणार? शेवटी जानेवारी 2022 मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना पैशासाठी पुढेही वर्षे मोजावी लागली. आपल्या पुण्याच्या 1912 सालच्या रुपी बँकेवर 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये तिचा परवाना रद्द झाला. नऊ वर्षे! तेवढ्यात घरातली मुलगी शाळा संपवून सासरी जाते.

अशा ठेवीदारांसाठी ठेवविमा आहे. 1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्यानंतर 1962 पासून तो सुरू झाला. तेव्हा संरक्षण दीड हजाराचे होते, 1993 पासून एक लाखाचे, आणि फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांचे. मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा धरून. हप्ता बँक भरते. 2021 च्या कायद्याने निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला ही रक्कम नव्वद दिवसांत मिळावी अशी सोयही झाली. पण हा विमा पतसंस्थेला नाही. हे एक वाक्य 2019 साली मला कोणी सांगितले असते, तर माझ्या पाटल्या हातात राहिल्या असत्या.

आता मंडळाच्या बचतीचे पैसे जास्त व्याजाच्या ठिकाणी न्यावेत, असे काही भगिनी म्हणत आहेत. त्यांचा हेतू चांगलाच आहे. माझे मागणे एवढेच, की नेण्याआधी तीन प्रश्न विचारू या. ही बँक आहे की पतसंस्था? ठेवविमा आहे का? आणि इतरांपेक्षा व्याज जास्त का देते? आणि आवई आली तर आधी बँकेत जाऊन चौकशी करू, मग पाऊल उचलू. घाबरलेल्या शंभर जणी मिळून चांगली बँकही अडचणीत आणू शकतात.

पापड लाटून, दूध विकून जमवलेला हा पैसा आहे. तो माझ्यासारखा गमावू नका. चुकले-माकले असेल तर पदरात घ्या. आपली रजा घेते.