दरड कोसळते की वाहते?

पावसाळ्यात कोंडाणे लेण्यांसमोर धबधबा पडतो, सगळे रील काढतात. मीही काढलेत. पण आता नजर आधी डोक्यावरच्या उताराकडे जाते.

कारण शेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 ची रात्र, तीन दिवसांत 499 मिलिमीटर पाऊस. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं सापडलीच नाहीत.

मग प्रश्न पडतो, वर्षानुवर्षं उभा असलेला उतार एका रात्रीत का सुटतो?

दिवाळीचा किल्ला आठवा. कोरडी माती ढासळते, थोडी ओली केली की उभी राहते, कारण थोडं पाणी कणांना धरून ठेवतं. पाणी वाढलं की कणांमधली पोकळी भरते. मग वरचं वजन पाण्याच्या दाबावर येतं, कण एकमेकांवर घट्ट बसत नाहीत, घर्षण कमी होतं. आणि सुटलेली माती नुसती घसरत नाही, मिस्त्रीने कालवलेल्या मालासारखी वाहायला लागते.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) माल फारच पातळ झाला तर धोंडे मागे पडतात, पुढे गढूळ पूर जातो. मधला दाट माल जास्त वाईट. तो पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असतो आणि मोठमोठे धोंडे सहज वाहून नेतो.

म्हणून ट्रेकला ओढा एकदम गढूळ झाला, किंवा भर पावसात त्याचं पाणी अचानक कमी झालं, तर वर काहीतरी अडलं असू शकतं. ओढ्याच्या वाटेने खाली पळू नका. आडवे होऊन बाजूच्या उंचवट्यावर चढा.